तीन सेकंदांचा शॉट: शेतीच्या एका प्रोमोचं प्रकरण

हे प्रकरण 2018 च्या खरिपातलं आहे. तेव्हा मी एका सार्वजनिक वाहिनीच्या प्रादेशिक केंद्रात प्रोमो करायचो. माणसांची आणि गावांची नावं काढली आहेत, एकदोन तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसं लिहितोय. या कामात नवीन येणाऱ्या मुलांना कट कुठे मारायचा, म्युझिक कुठे चढवायचं, सुपर, म्हणजे चित्रावरची अक्षरं, किती वेळ ठेवायचा हे सगळं शिकवलं जातं, पण प्रोमोतलं चित्र बघणाऱ्याला नक्की काय सांगतंय यावर कोणी फारसं बोलत नाही, मीही तोवर कधी बोललो नव्हतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पार्श्वभूमी

आधी काम कसं चालतं ते सांगतो. खाजगी वाहिनीला नवीन मालिका आणायची असेल तर होर्डिंग लागतात, पेपरात पानभर जाहिरात येते, दुसऱ्या वाहिन्यांवर स्पॉट घेतले जातात. आमच्याकडे असं काही नव्हतं, आपलाच एअरटाइम हीच आपली जाहिरात. दोन कार्यक्रमांच्या मधे जी जागा उरते तिथे प्रोमो जातो, आणि कधी एखादा कार्यक्रम 40 सेकंद लवकर संपला तर एमसीआरमधला (जिथून प्रक्षेपण चालतं त्या मुख्य कंट्रोल रूममधला) माणूस हाताशी असेल तो प्रोमो उचलून टाकतो. त्यामुळे एकाच कार्यक्रमाचे 30, 20 आणि 10 सेकंदांचे असे तीन कट कायम करून ठेवावे लागतात. 30 सेकंद म्हणजे आपल्याकडे 750 फ्रेम, आणि मराठी व्हॉइसओव्हर नीट श्वास घेऊन वाचला तर पंचावन्न-साठ शब्द. बास, एवढीच जागा.

आणि दुसरी गोष्ट, जी बाहेरच्यांना माहीत नसते. प्रोमो करणारा माणूस सहसा शूटला जात नाही. कार्यक्रमाची टीम जे शूट करून आणते त्याच रशेसमधून, म्हणजे न कापलेल्या चित्रणातून, तो आपला प्रोमो काढतो. म्हणजे ज्या शेतात मी कधी पाय ठेवला नाही, तिथला वारा कुठून वाहत होता, माणूस काय करत होता, का करत होता, हे मला फक्त मॉनिटरवर जेवढं दिसतं तेवढंच कळतं.

कार्यक्रम होता गुलाबी बोंडअळीवर लाइव्ह फोन-इन, गुरुवारी संध्याकाळी, अर्धा तास, स्टुडिओत एक कीटकशास्त्रज्ञ आणि एक कृषी अधिकारी. विषय किती नाजूक होता ते कापूसपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस आपल्याकडे 2002 मध्ये आला, दोन जनुकांचं वाण 2006 मध्ये, आणि काही वर्षांत गुलाबी अळीला दोन्ही पचायला लागली. 2017 ला विदर्भ-मराठवाड्यात तिने जे केलं ते सगळ्यांना आठवत असेल, बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत किडकी सरकी आणि पिवळी पडलेली रुई. त्याच वर्षी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात होते. हे सगळं होऊन वर्षही झालं नव्हतं. आणि हे मला माहीत होतं, बातम्या मीही पाहिल्या होत्या, हे मुद्दाम लिहितोय.

घडलं काय

सोमवारी सकाळी कार्यक्रम अधिकारी मॅडमनी ब्रीफ दिलं. प्रोमो मंगळवारी दुपारी प्लेआउटला हवा होता, तीन दिवस दाखवायचा. रशेस दोन तासांच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या. मुलाखती, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), बोंडांचे क्लोजअप, बरंच मटेरियल होतं.

त्यात एक शॉट होता. सकाळचा, सूर्य समोरून, मे अखेर लावलेली ठिबकवरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या छातीपर्यंत आलेली, आणि पाठीवर पंप घेतलेला एक शेतकरी ओळीतून कॅमेऱ्याकडे चालत येतोय. नोझलमधून निघालेला फवारा उन्हात सोन्यासारखा चमकतोय. प्रोमोवाल्याला असा शॉट मिळाला की तो दुसरं काही बघत नाही. मी तो पहिलाच टाकला, तीन सेकंद दहा फ्रेम, त्यावर ढोलकीचा एक ठोका आणि व्हॉइसओव्हर, "कपाशी तुमची, प्रश्न तुमचे, उत्तरं थेट तज्ज्ञांकडून."

मंगळवारी सकाळी साडेदहाला प्रीव्ह्यू झाला. सहा जण होतो. वेळ बरोबर आहे का, वार बरोबर आहे का, फोन नंबर बरोबर आहे का, कुठल्या कंपनीचं नाव दिसतंय का (एका शॉटमध्ये औषधाचा डबा होता, त्याचं लेबल ब्लर केलं होतं), शुद्धलेखन, लोगो. सगळं पास. सगळ्यांना तो पहिला शॉट आवडला, मॅडम म्हणाल्या, "सुरुवात छान झालीये."

त्यानंतर ग्राफिक्सच्या मुलाकडे गेलो, फोन नंबरचा सुपर बसवायला. नंबर पहिल्या शॉटवर पण टाकायचा असं मीच म्हटलं होतं, कारण गावात लोक नंबर बघून कागद शोधायला उठतात आणि येईपर्यंत प्रोमो संपलेला असतो, म्हणून सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. तर त्याने ती फ्रेम थांबवून ठेवली होती, नंबर कुठे बसेल ते बघायला. जुन्या डबा टीव्हीवर कडा कापल्या जातात म्हणून नंबर थोडा वर घ्यावा लागतो, आणि वर घेतला की तो बरोबर त्या शेतकऱ्याच्या छातीवर येत होता. तो म्हणाला, "सर, याच्या तोंडावर काहीच नाहीये."

मी पाहिलं. थांबलेल्या फ्रेममध्ये सगळं दिसत होतं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात मोजे नाहीत, गळ्यात दुपट्टा पण तोंडावर नाही, आणि तो चमकणारा फवारा, जो मला दोन दिवस इतका सुंदर वाटत होता, तो वाऱ्याने उलटा त्याच्याच चेहऱ्यावर येत होता. चालत्या चित्रात ते कोणालाच दिसलं नव्हतं, सहा जणांना.

माझी पहिली प्रतिक्रिया चुकीची होती. मी त्याला म्हटलं, "अरे, हा प्रोमो आहे, काळजी कशी घ्यायची ते कार्यक्रमात सांगणारच आहेत ना." आणि तडजोड म्हणून खाली एक ओळ टाकायला सांगितली, "फवारणी करताना योग्य ती काळजी घ्या." बारीक अक्षरात, दोन सेकंद. तो मुलगा काही बोलला नाही, त्याने ओळ टाकली. प्रोमो दुपारी गेला आणि संध्याकाळपासून तीन वेळा लागला.

रात्री साडेनऊला स्टुडिओत येणार होते त्या कीटकशास्त्रज्ञ सरांचा फोन आला, मॅडमनी नंबर दिला होता. ते चिडले नव्हते, पण एकेक शब्द तोलून बोलत होते. म्हणाले, "तुमच्याच वाहिनीवर तीन दिवस हा माणूस उघड्या तोंडाने फवारणी करताना दिसणार, आणि गुरुवारी मी तिथे बसून मास्क लावा म्हणणार. लोकांनी कोणाचं ऐकायचं?" मी काळजीच्या ओळीबद्दल सांगायला लागलो तर म्हणाले, "ती मी वाचू शकलो नाही, आणि मी टीव्हीपासून सहा फुटांवर होतो."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली जी मला त्याहून जास्त लागली. म्हणाले, बोंडअळीच्या कार्यक्रमाची सुरुवात फवारणीने का? अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. आत्ता शोधायची वेळ आहे. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावायचे, पतंग मोजायचे, सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी 8 पतंग आले किंवा 10 टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली तर मग औषधाचा विचार. तोवर डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्याने न उमललेली फुलं, शोधून तोडायच्या आणि अळीसकट नष्ट करायच्या. "तुमचा प्रोमो बघून माणूस उद्या सकाळी पंप उचलेल."

मी शूटवरच्या प्रॉडक्शन असिस्टंटला फोन लावला. त्याने सांगितलं की तो शेतकरी त्या दिवशी बोंडअळीसाठी फवारतच नव्हता, तुडतुड्यांसाठी (पानांचा रस शोषणारे किडे) फवारत होता, यांनी जाता जाता शॉट घेतला कारण प्रकाश चांगला होता. म्हणजे चित्र खरं, माणूस खरा, शेत खरं, आणि प्रोमोत लागल्यावर त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी चुकीचा.

समोर कोणते पर्याय होते

रात्री दहा वाजता मी आणि मॅडम फोनवर बोलत होतो, त्या क्रमानेच लिहितो.

पहिला, काळजीची ओळ मोठी करायची आणि पूर्ण शॉटभर ठेवायची. सगळ्यात सोपं, दहा मिनिटांचं काम. पण मग चित्र एक सांगणार आणि अक्षरं दुसरं, आणि ज्याला वाचता येत नाही किंवा जो लांबून बघतोय त्याच्यापर्यंत फक्त चित्र जाणार. सरांच्या बोलण्यानंतर मला हा पर्याय मनातून पटतच नव्हता.

दुसरा, शॉट झूम करून चेहरा फ्रेमबाहेर काढायचा, फक्त नोझल आणि फवारा ठेवायचा. मी खरं तर तासभर यालाच चिकटून होतो कारण मला तो प्रकाश सोडवत नव्हता. पण झूम केला की उघडे हात आणखी मोठे दिसत होते. आणि फवारणीने सुरुवात करण्याची चूक तशीच राहत होती.

तिसरा, टीमला परत पाठवून मास्क, चष्मा, मोजे घातलेला शेतकरी शूट करायचा. वेळ नव्हता. शिवाय मॅडमना ते पटलं नाही, त्या म्हणाल्या की नवी कोरी किट घालून उभा केलेला माणूस शेतकऱ्याला लगेच कळतो, तो म्हणतो हे आपल्यासाठी नाही.

चौथा, प्रोमो पूर्ण काढायचा आणि नंबर-वेळ लिहिलेली साधी स्लाइड चालवायची. सुरक्षित, पण स्लाइड कोणी बघत नाही, आणि फोन-इनला फोन आले नाहीत तर स्टुडिओतले दोघं अर्धा तास एकमेकांशी बोलत बसणार.

पाचवा, शॉट टाकून द्यायचा आणि प्रोमो नव्याने बांधायचा.

काय केलं

रात्रीच चौथा केला, तात्पुरता. मॅडमनी एमसीआरला फोन करून प्रोमो उतरवला आणि त्या जागी दहा सेकंदांची स्लाइड लावली. यासाठी त्यांना वरच्यांना उठवून विचारावं लागेल असं मला वाटलं होतं, त्यांनी विचारलं नाही, आधी उतरवला आणि सकाळी फाईलवर नोट लिहिली. त्या वेळी दुसरं कोणी असतं तर प्रोमो सकाळपर्यंत चालला असता, आणि सकाळचा स्लॉट शेतकरी सगळ्यात जास्त बघतात.

बुधवारी सात वाजता मी एडिटला बसलो. या वेळी म्युझिक न लावता, आणि आधी आवाज पूर्ण बंद करून रशेस पाहिल्या. दुसऱ्या गावातल्या टेपमध्ये एक जागा सापडली जी मी सोमवारी फास्ट फॉरवर्ड केली होती कारण कॅमेरा हलत होता. एक म्हातारी बाई झाडाजवळ वाकली आहे आणि बोटाने एक फूल दाखवतेय. फूल उमललेलं नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून वर पीळ दिल्यासारख्या, गुलाबाच्या बंद कळीसारखं. हीच डोमकळी. अळीच आतून पाकळ्या धाग्याने बांधून घेते. बाईने अंगठ्याच्या नखाने पाकळ्या अलगद सोडवल्या, एक, दोन, आणि आत परागकणांच्या पिवळ्या भुकटीत एवढीशी अळी, भाताच्या दाण्याहून लहान. मग बाई म्हणते, "हे पाहा, हे फूल उमलत नाई. तोंड बांधल्यावानी राह्यते. आत अळी बसली हाय."

साडेपाच सेकंद. मी ते जसंच्या तसं सुरुवातीला ठेवलं, कॅमेरा हलतोय तर हलू दे. संगीत नाही, फक्त शेतातला आवाज आणि तिचं बोलणं. त्यानंतर सापळा, मग व्हॉइसओव्हरची एकच ओळ, "अशी कळी तुमच्या शेतात दिसतेय का? गुरुवारी फोन करा", आणि शेवटचे नऊ सेकंद नंबर, दोनदा मोठ्याने वाचलेला.

यावर एक चर्चा झाली. प्रीव्ह्यूत कोणीतरी म्हणालं की बोली फार वऱ्हाडी आहे, कोकणात-पश्चिम महाराष्ट्रात कळणार नाही, वर प्रमाण मराठीत व्हॉइसओव्हर चढवू. मी विरोध केला आणि मॅडम माझ्या बाजूने होत्या. कापूस आहे विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात. ज्याच्यासाठी आहे त्याला कळतंय, आणि फुलाचं चित्र तर सगळ्यांनाच कळतंय. तसंच ठेवलं.

या वेळी प्रीव्ह्यूआधी मी मोबाइलवर क्लिप सरांना पाठवली. त्यांनी एकच बदल सांगितला, सापळ्याच्या शॉटमध्ये सापळा झाडांच्या खूप वर लावलेला होता, तो पिकाच्या उंचीपेक्षा थोडासाच वर हवा. तो शॉट बदलला. बुधवारी दुपारी दोनला नवा प्रोमो लागला.

निकाल

कार्यक्रम झाला. लाइन पहिल्या पाच मिनिटांपासून भरलेल्या होत्या. आकड्यांत सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण फोनवरचे प्रश्न मी लिहून ठेवले होते. बरेच जण "ते बांधलेलं फूल दाखवता ना" अशी सुरुवात करत होते. एकाने सांगितलं की त्याने बुधवारी संध्याकाळीच शेतात जाऊन पाहिलं आणि पिशवीभर डोमकळ्या निघाल्या, आता त्या बांधावर टाकल्यात तर चालेल का. सर जवळजवळ ओरडले, "बांधावर नको, अळी परत पिकात जाईल, जाळा किंवा मातीत खोल गाडा." म्हणजे त्या माणसाने फक्त प्रोमो बघून काम सुरू केलं होतं. हे ऐकताना मी कंट्रोल रूममध्ये उभा होतो आणि मला पहिल्या प्रोमोच्या त्या तीन वेळा आठवत होत्या. तो बघून कोणी काय केलं असेल ते कळायचा काही मार्ग नाही, आणि तिथे फोन-इन नव्हतं.

शुक्रवारी केंद्रावर फोन आला, फिरत फिरत माझ्याकडे आला. तो पहिल्या शॉटमधला शेतकरी होता. "साहेब, मले काहून काढलं टीव्हीतून? पोरीनं मोबाइलवर फोटो काढला, सोयऱ्याईले पाठवला. दुसऱ्या दिवशी समदे टीव्हीपुढं बसले तं दुसरंच काही लागलं."

याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नव्हता. पाच पर्याय मांडले, त्यात हा माणूस कुठेच नव्हता. मी म्हटलं, "भाऊ, चूक तुमची नाही, आमची आहे," आणि खरं कारण सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मास्क हाय माह्याकडं. कृषी केंद्रवाल्यानं देला. पण उन्हात जीव गुदमरते, अन् चष्मा लावला का आतून धुकं येते, ओळच दिसत नाई. तुमी लावून पाहा एक डाव."

हे मी शब्दशः लिहून मॅडमना दिलं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक मंगळवारी सकाळची, ग्राफिक्सच्या मुलाच्या टेबलावरची. तो शॉट निवडणं हे मी समजू शकतो, घाईत होतं. पण त्याने दाखवल्यावर मी जे उत्तर दिलं, "कार्यक्रमात सांगणारच आहेत", ते या कामात येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात असतं आणि ते खोटं आहे. प्रोमो तीन दिवसांत पंचवीस-तीस वेळा लागतो, कार्यक्रम एकदा. प्रोमो बघणाऱ्यांपैकी कितीतरी जण गुरुवारी त्या वेळेला शेतात असतील, लाइट गेली असेल, दुसरं काही लावलं असेल. फ्री डिशवर बघणारा माणूस येता-जाता जे बघतो ते हेच. त्यांच्यासाठी 30 सेकंद हाच आख्खा कार्यक्रम.

प्रीव्ह्यूला आम्ही जे तपासत होतो ते सगळं लिहिलेलं होतं, नंबर, वेळ, नाव, लोगो. आता मी दोन गोष्टी वाढवल्या आहेत. एकदा आवाज बंद करून बघायचं आणि प्रत्येक शॉटवर थांबायचं, आणि दुसरं म्हणजे जो त्या विषयातला आहे त्याला आधी पाठवायचं, मोबाइलवर का होईना. सरांना मंगळवारी दुपारी क्लिप पाठवली असती तर हे पूर्ण प्रकरणच झालं नसतं, दोन मिनिटांचं काम होतं. उशीर होतो म्हणून लोक टाळतात, पण आमचा खरा उशीर प्रोमो उतरवून पुन्हा करण्यात झाला.

शूटच्या टीमला आता मी आधीच एक कागद देतो. कुठल्या शॉटमध्ये काय चाललंय, कशासाठी चाललंय, हे टेपच्या लॉगमध्ये लिहा. नुसतं "फवारणी, वाइड, सकाळ" असं नको, "तुडतुड्यांसाठी फवारणी, मास्क नाही" असं पाहिजे. लिहिलेलं असतं तर मी सोमवारीच थबकलो असतो, असं मला वाटतं. निदान सुंदर आहे म्हणून डोळे झाकून उचलला नसता.

एका बाबतीत मी अजून ठाम नाही. शॉट काढून टाकला ते बरोबर, पण आपण प्रत्येक वेळी असे शॉट काढत गेलो तर टीव्हीवरचा शेतकरी कायम किट घातलेलाच दिसेल आणि खऱ्या शेतात काय अडचण आहे ते कधीच कळणार नाही. त्या भाऊचं धुक्याचं म्हणणं आम्हाला फक्त तो शॉट लागला आणि निघाला म्हणून ऐकायला मिळालं.

सप्टेंबरमध्ये मॅडमनी त्यावर एक पूर्ण भाग केला, फवारणीच्या किटमध्ये उन्हात काय होतं, चष्म्यावर वाफ का धरते, सकाळी किती वाजेपर्यंत फवारावं, वाऱ्याच्या दिशेने कसं चालावं. मी पहिल्यांदाच शूटला गेलो, त्याच शेतात. मास्क आणि चष्मा लावून पाठीवर पाण्याने भरलेला पंप घेऊन मी एक तास चाललो आणि अर्ध्या ओळीतच समोरचं झाड दिसेनासं झालं. त्या भागाचा प्रोमो मीच कापला. पहिल्या शॉटमध्ये ते भाऊ आहेत, किट घालून, ओळीतून कॅमेऱ्याकडे चालत येतात, थांबतात, चष्मा काढतात, दुपट्ट्याने आतून पुसतात आणि म्हणतात, "हे पाहा, धुकं."